मुलांना गुलामगिरी शिकवायची, तर हिशेबासकट

वाचणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर माहीत असतो. शेंगदाणा, टस्कीगी, निकस जमीन आणि अफाट जिद्द. तान्हा असताना दरोडेखोरांनी त्याला आईसकट पळवलं आणि मालकाने एक घोडा देऊन त्याला परत मिळवलं, हा प्रसंगही पुष्कळांना आठवतो. पण त्या आईचं, मेरीचं, पुढे काय झालं? ती कधीच सापडली नाही. गोष्ट मात्र पुढे सरकते, कारण आपल्याला कार्व्हरला शास्त्रज्ञ झालेलं बघायची घाई असते. गुलामगिरीशी मराठी मुलांची ओळख बहुतेक वेळा एवढीच होते: एका थोर माणसाच्या चरित्रातलं पहिलं काळोखं प्रकरण. ते संपलं की उजाडतं. ज्या व्यवस्थेत घोड्याच्या बदल्यात मूल हा सौदा होऊ शकत होता, ती व्यवस्था रोजच्या रोज चालायची कशी, हे विचारायला आपण थांबत नाही.

मुलांच्या इतिहासात गुलामगिरीला किती जागा द्यावी यावर वाद सुरू झाला की जो तो फक्त मात्रेबद्दल बोलतो. एक बाजू म्हणते, कोवळ्या मनांना एवढं क्रौर्य कशाला. दुसरी म्हणते, काहीही लपवू नका, साखळ्या, चाबूक, सगळं दाखवा. तिसरा कुणीतरी 'गुलाम कुठे नव्हते?' म्हणून हात झटकतो, आणि चौथा 'आपल्याकडे नव्हतेच' असं ठासून सांगतो. मुलाने नेमकं काय समजून घ्यायचं, हा प्रश्न या चौघांपैकी कुणालाच पडलेला नसतो. माझं म्हणणं असं आहे: दहा-अकरा वर्षांच्या मुलांना गुलामगिरीचा इतिहास शिकवावा, तो जगभराचा शिकवावा, त्यातून आपलं घर वगळू नये, आणि निव्वळ दुःखाची कहाणी सांगण्यापेक्षा एक चालता धंदा, एक कायदा, एक खतावणी म्हणून तो समजावून द्यावा. रडू आपोआप येतं. किंमत कुणी ठरवली, भांडवल कुणी घातलं, कागदावर सही कुणाची होती, हे मात्र शिकवावंच लागतं.

क्रौर्याचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो पोकळ नाही. अमेरिकेतल्या काही वर्गांत शिक्षकांनी उत्साहाच्या भरात गुलामांचा लिलाव 'नाटुकलं' म्हणून बसवला. काळ्या मुलांना उभं केलं आणि बाकीच्यांना बोली लावायला सांगितली. पालक खवळले ते योग्यच होतं. आपल्याकडे याचाच मवाळ प्रकार सहज घडू शकतो. 'आपल्याकडेही काही लोकांना असंच वागवलं जायचं' हे वाक्य उच्चारताना शिक्षकाची नजर कळत-नकळत एका बाकाकडे वळते, तिच्यामागून सगळ्या वर्गाची वळते, आणि त्या बाकावरच्या मुलीला पस्तीस मिनिटं स्वतःच धडा होऊन बसावं लागतं. वळ उठलेल्या पाठीचं १८६३ सालचं ते प्रसिद्ध छायाचित्र सहावीतल्या मुलांपुढे ठेवलं तर त्यांच्या लक्षात पाठ राहील, माणूस राहणार नाही. हे सगळं मला मान्य आहे.

पण 'कोवळं मन' ही सबब आपण फार सोयीने वापरतो. हरिश्चंद्राने काशीच्या बाजारात तारामतीला आणि रोहिदासाला विकलं, ही गोष्ट आपण मुलांना शाळेत जायच्या आधीच सांगून टाकतो, आणि ती सत्यनिष्ठेची गोष्ट म्हणून सांगतो. एकही आजी 'वय झाल्यावर सांगेन' म्हणत नाही. द्यूतसभा तर पाठच असते. युधिष्ठिर भावांना हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. तिला दासी म्हणून फरफटत आणतात तेव्हा ती विचारते, जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता का? हा प्रश्न सरळसरळ गुलामगिरीच्या कायद्यातला आहे. जो स्वतःच कुणाच्या तरी मालकीचा झाला, त्याची कशावर मालकी राहते का? भीष्मांना उत्तर देता आलं नाही. आठ वर्षांचं मराठी मूल हा प्रश्न ऐकतं, आणि तो त्याला कळतो. मग अकराव्या वर्षी त्याला अटलांटिक महासागर झेपणार नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

१७८१ साली झाँग नावाचं लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं जहाज आफ्रिकेतून माणसं भरून जमैकाकडे निघालं होतं. वाट चुकली, आजार पसरला, आणि पाणी अपुरं पडेल असं कारण देऊन खलाशांनी सुमारे १३० जिवंत माणसं समुद्रात फेकून दिली. मुलांना इथवरच सांगितलं तर एक भयकथा होईल. पुढचा भाग सांगायला हवा. जहाजाच्या मालकांनी नंतर इंग्लंडमध्ये विमा कंपनीकडे माणशी ३० पौंडांचा दावा लावला. गुलाम आजाराने मेला तर भरपाई मिळणार नव्हती. जहाज वाचवण्यासाठी 'माल' फेकावा लागला तर मिळणार होती. पहिल्या सुनावणीत पंचांनी मालकांच्या बाजूने कौल दिला. प्रकरण १७८३ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डपुढे आलं तेव्हा, पंचांच्या दृष्टीने हे घोडे पाण्यात टाकण्यासारखंच होतं, असं खुद्द न्यायाधीशाने म्हटलं. खुनाचा खटला कुणावरही झाला नाही. नफा-तोटा आणि विमा गणितात शिकणाऱ्या मुलाला यातली प्रत्येक पायरी समजते. रक्ताचा एक थेंब दाखवावा लागत नाही, आणि तरीही त्याला जे कळतं ते कुठल्याही चित्रापेक्षा जास्त भयंकर असतं: त्या कोर्टात बसलेले लोक राक्षस नव्हते, ते कागद नीट वाचत होते.

हिशेबाचा दुसरा फायदा असा की गोड बोलून केलेली लबाडी तो टिकू देत नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने शाळांसाठी जे नवे निकष मंजूर केले, त्यांत गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्यं काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली, हे शिकवावं असं एक कलम होतं. देशभर आरडाओरडा झाला. पण 'हे अपमानास्पद आहे' एवढ्यावर थांबणारं उत्तर लुळं असतं. समोरचा लगेच म्हणतो, पण काही जण लोहार झाले, सुतार झाले, हे खरं नाही का? खरंच आहे. म्हणून गुलामीतून निसटून पुढे लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लसकडे जावं. बाल्टिमोरच्या गोदीत तो जहाजांच्या फटी बुजवायचं काम शिकला, त्यात तरबेज झाला आणि चांगली मजुरी कमावू लागला. आठवड्याच्या शेवटी ती सगळी मजुरी मालक हातावर मोजून घ्यायचा. सहा डॉलर आणले की कधीकधी उत्तेजन म्हणून सहा सेंट परत द्यायचा. शंभरातला एक. डग्लसने पुढे लिहिलं आहे की त्या सहा सेंटांनी त्याला उलटच जाणीव झाली: काही भाग देतो आहे, याचा अर्थ सगळ्यावर माझा हक्क आहे हे याला आतून पटलेलं आहे. कौशल्य कुणाच्या फायद्याचं होतं, हे पाचवीचं मूल आता भागाकार करून सांगेल.

'गुलाम कुठे नव्हते?' हा सगळ्यात चतुर युक्तिवाद. चतुर अशासाठी की त्यातली माहिती बरोबर असते. रोमचा डोलारा गुलामांवर उभा होता. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर सहा हजार माणसं रस्त्याच्या कडेने क्रुसावर टांगली गेली. नवव्या शतकात आजच्या इराकच्या दलदलीत राबणाऱ्या झंज गुलामांनी बंड केलं आणि ते चौदा वर्षं चाललं. डाहोमीसारख्या आफ्रिकी राज्यांनी शेजाऱ्यांना पकडून युरोपी दलालांना विकलं. अल्जीयर्सच्या चाच्यांनी पकडलेले युरोपी कैदीही गुलाम म्हणून विकले जात. स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस तिथे पाच वर्षं होता. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर उतरवलेले आफ्रिकी गुलाम चार लाखांच्या आत होते, तर एकट्या ब्राझीलमध्ये अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास, हेही आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसतं, कारण आपली सगळी गुलामगिरी इंग्रजीतून आणि मिसिसिपीच्या काठाने येते. तेव्हा जगाचा नकाशा मोठा करायलाच हवा. फक्त, नकाशा मोठा केल्यावर 'सगळेच तसले' म्हणून पुस्तक मिटायचं, की आता कुठे फरक दिसू लागले म्हणून वाचत बसायचं?

फरक बघायला मलिक अंबरइतका जवळचा माणूस दुसरा नाही. इथियोपियातला एक पोरगा विकला जातो, लाल समुद्र, बगदाद असे हात बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत येतो. त्याला विकत घेणारा पेशवा चंगेजखान स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम. हा अंबर पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा होतो, १६१० मध्ये खडकी वसवतो, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे नहरीने पाणी खेळवतो, जमिनीची प्रतवारी लावतो, गनिमी काव्याने मुघलांच्या नाकी नऊ आणतो. शहाजीराजे भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. आता याच्या शेजारी व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा ठेवा: मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. एका ओळीत पुढच्या सगळ्या पिढ्या बांधल्या गेल्या, आणि मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा होऊ लागलं. कातडीचा रंग हाच दाखला झाला. व्हर्जिनियात मलिक अंबर होणं अशक्य होतं. ही तुलना केल्याशिवाय अटलांटिक गुलामगिरीत नवं काय होतं हे कळतच नाही. 'सगळीकडे होतीच' म्हणणाऱ्याला हेच कळू द्यायचं नसतं.

अर्थात अंबर दाखवून 'बघा, आपल्याकडची गुलामगिरी किती दयाळू' असं म्हणणाऱ्यांची गाडीही इथेच अडवली पाहिजे. एक सेनापती झाला. त्याच बाजारांतून आलेल्या, घराघरांत पाणी भरणाऱ्या, शेण काढणाऱ्या बायकांपैकी कुणी शहर वसवलं नाही. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या बाईला सरकार कुणबीण करून कोठीत किंवा पागेत कामाला लावत असे; म्हणजे शिक्षाही झाली आणि फुकटची कामकरीणही मिळाली. गोव्यात १५८३ ते १५८८ च्या सुमारास राहिलेल्या यान व्हान लिन्सखोटेन या डच माणसाने तिथल्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन केलं आहे: अरबी घोडे, मसाले, कापड आणि त्याच रांगेत बायाबापड्या, म्हातारेकोतारे, पोरं. झांझिबारच्या जकातीचा मक्ता एकोणिसाव्या शतकात बराच काळ एका कच्छी पेढीकडे होता, आणि त्या बंदरातून लवंग आणि हस्तिदंताबरोबर माणसंही जात. 'आपल्याकडे नव्हतीच' हे वाक्य यापुढे कुठे टिकतं?

यावर उत्तर येतं की मुलांच्या मनात आपल्याच इतिहासाबद्दल घृणा कशाला निर्माण करायची. हाच आक्षेप अमेरिकेतला गोरा पालक तिकडे घेतो, तेव्हा आपण त्याला हसतो. शिवाय आपल्या इतिहासात लाज वाटावी एवढंच आहे असंही नाही. नाशिकमध्ये ज्यांचं रोज शरणपूर रोडवरून जाणं-येणं होतं, त्यांच्यापैकी कितीजणांना सांगितलं गेलंय की तिथे मिशनऱ्यांनी आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता? ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रातल्या गलबतांवरून सोडवलेली पोरं मुंबईला उतरवली जात, त्यांतली काही शरणपूरला येऊन लोहारकाम, सुतारकाम आणि अक्षरं शिकत. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा त्याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीलाही. नाशिकच्या शाळेत झांझिबार शिकवायला पृथ्वीचा गोल फिरवायची गरज नाही. सहल काढली तरी पुरेल.

सगळ्यात जड आक्षेप डावीकडून येतो आणि मला तो खरोखर अडवतो. घरात जात असताना आफ्रिकेचं दुःख कशाला शिकवता? दूरचं दुःख फुकट असतं, त्यावर हळहळणाऱ्याला काही सोडावं लागत नाही. गावातल्या वेठबिगारीवर चूप बसणारे लोक लिंकनच्या गोष्टीने गहिवरतात, हे आपण पाहिलेलं आहे. आक्षेपातलं निदान अचूक आहे. उपाय मात्र उलटा आहे, असं मला जोतीराव फुल्यांकडे पाहून वाटतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' काढली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत हा कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथेच नोंदवली. पुण्यात बसून त्यांनी दूरचं दुःख आरशासारखं वापरलं. डॉ. आंबेडकर त्याच्याही पुढे गेले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून त्यांनी तपासलं की गुलामाला विकत घेणाऱ्याचा निदान त्याला जगवण्यात पैसा गुंतलेला असतो, अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याशी कुणाचंच देणंघेणं नसतं. आणि उघड गुलामगिरीपेक्षा आडून लादलेली अधिक घातक, कारण तिच्यात माणसाला आपण बांधलेले आहोत हेही नीट कळत नाही. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागायला. हा माणूस दूरचं पाहून घरचं विसरणारा होता का? तुलनेतून दोन्ही गोष्टींच्या कडा स्पष्ट होतात, आणि जात म्हणजे गुलामगिरीच असं सरसकट म्हणून कुठलीच गोष्ट धड समजत नाही, हेही त्यांच्याच मांडणीतून शिकता येतं.

मुक्तीच्या गोष्टीबद्दल मात्र मला खरी तक्रार आहे. जिथे कुठे हा विषय मुलांपर्यंत पोचतो, तिथे तो एका दयाळू गोऱ्या माणसाच्या सहीने संपतो. १८३३ चा ब्रिटिश कायदा शिकवताना त्यातले दोन कोटी पौंड वगळले जातात. ती भरपाई होती, आणि ती मिळाली मालकांना. मुक्त झालेल्यांना दमडी मिळाली नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यांवर राबावं लागलं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्ण फेडलं ते २०१५ मध्ये. हैतीच्या गुलामांनी तर कुणाच्या सहीची वाटच पाहिली नाही: १७९१ मध्ये उठाव, १८०४ मध्ये स्वतंत्र देश. मग १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून पंधरा कोटी फ्रँक मागितले. मालकांचं नुकसान झालं म्हणून, आणि त्या नुकसानीत ती माणसं स्वतःच मोजलेली होती. पुढे रक्कम कमी झाली, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. आपल्या स्वातंत्र्याचं साल.

आपला धागा इथेही आहे. इंग्लंडमधले गुलामगिरीविरोधी लोक कॅरिबियन साखर टाकून हिंदुस्थानची साखर घेत, 'ही गुलामांनी केलेली नाही' असं साखरदाण्यांवर छापलेलं असे. त्याच वेळी कंपनीच्या मुलखात गुलाम बाळगणं कायदेशीर होतं. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. १८३४ मध्ये मॉरिशसच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी गिरमिटिये उतरू लागले, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आपले लोकही होते, ज्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. मॉरिशस १ फेब्रुवारीला गुलामीच्या अंताची सुट्टी देतं आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाची, दोन्ही वेगवेगळ्या. गिरमिट करारावर होती, मुदतीची होती, ती गुलामी नव्हती. आणि तरी मळा तोच, मुकादम तोच. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक आणि हे साम्य एकाच वेळी डोक्यात धरता येतं. मोठ्यांनाच धरवत नाही, म्हणून ते दोहोंपैकी एक निवडतात.

राहिला वेळेचा प्रश्न. शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच तुडुंब आहे, दोन तासिका मिळणार, त्यात हे सगळं कुठे बसवू? सगळं बसणार नाही. म्हणून मी तरी लिंकनचा पुतळा आणि चाबकाचं चित्र आधी गाळीन. एका तासिकेत झाँगचा दावा आणि डग्लसचे सहा सेंट, दुसऱ्या तासिकेत अंबर आणि कुणबीण शेजारी-शेजारी. आणि गृहपाठाला १८४३ चा कायदा द्यावा. त्या कायद्याने हिंदुस्थानात गुलाम बाळगणं गुन्हा ठरवलं नाही. कोर्ट मालकाचा हक्क मान्य करणार नाही, एवढंच म्हटलं. पुण्यातल्या एखाद्या वाड्यात कामाला असलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणबिणीला हा कायदा झाल्याचं कुणाकडून कळलं असेल, आणि कळल्यावर तिने जायचं कुठे, याची शक्य तेवढी उत्तरं मुलांनी घरच्यांना विचारून लिहून आणावीत.